तळां, टाकं, तयं, बोडी : धामापूरपासून नवेगावबांधपर्यंत

सोमवार, धामापूर

साचलेल्या गोड्या पाण्याला मराठीत किती नावे आहेत, याची यादी शब्दकोशातून काढता येते. पण एखादे नाव कोणत्या जमिनीवर चालते आणि दोन तालुके ओलांडले की ते का चालेनासे होते, हे त्या पाण्याच्या काठी जाऊन माणसांशी बोलल्यावरच उमगते. म्हणून पाऊस सरल्यावर, तळी आणि डबकी अजून भरलेली असताना, कोकणच्या किनाऱ्याजवळून निघून पूर्वेला झाडीपट्टीपर्यंत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखापर्यंत, जायचे आणि वाटेत भेटेल त्या पाण्याला तिथली माणसे काय म्हणतात ते ऐकायचे, असे ठरवले. मोठी धरणे आणि त्यांचे जलाशय मी मुद्दाम बाजूला ठेवले. त्यांना सरकारी नाव असते. बोलीतले नाव लहान पाण्यालाच मिळते.

सुरुवात मालवण तालुक्यातल्या धामापूरला केली. विजयनगरच्या अमलातील मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये हा तलाव बांधला, असे सांगितले जाते. डोंगरांच्या मधल्या खळग्यात बांध घालून अडवलेले हे पाणी, काठावर भगवती देवीचे देऊळ आणि भोवती दाट झाडी, असे त्याचे रूप आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाची जागतिक वारसा सिंचन स्थळांत नोंद केली. वारसा म्हणून गौरवलेले हे बांधकाम आजही वापरात आहे, हे मला त्या दर्जापेक्षा महत्त्वाचे वाटते.

देवळाच्या आवारात बसलेल्या एका आजोबांना मी तळे आणि तलाव यांतला फरक विचारला. ते म्हणाले, ‘‘ह्यो तलाव. तळां बारीक आसता.’’ मालवणीत नपुंसकलिंगी नामाचा शेवटचा एकार जाऊन तेथे ‘आं’ येतो. केळे हे केळां होते, तसे तळे हे तळां. आजोबांच्या बोलण्यातून पुढे जे कळले ते असे की तळां हे एखाद्या वाडीचे, देवळाचे किंवा कुळागराचे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेचे, असते. त्यात गुरे पाणी पितात, कपडे धुतात, आणि त्याच्या पाण्यावर फार तर शेजारची चार झाडे वाढतात. तलावाला मात्र बांध असतो, बांधाखाली पाट असतो आणि पाटाखाली शेती असते. तळे आणि तलाव या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतातल्या तडाग या शब्दात सांगतात. तरी एकाच घरातल्या दोन भावांनी वेगवेगळे धंदे धरावेत तसे हे शब्द बोलीत आपापल्या कामाला लागले आहेत.

देवीची कथाही आजोबांनी सांगितली. लग्नघरच्या लोकांनी फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यात सोडायचे, देवी ते सोन्याचे करून द्यायची, आणि कार्य उरकल्यावर ते परत करायचे. कोणी तरी ते परत केले नाहीत आणि देणे थांबले. अशीच कथा महाराष्ट्रातल्या अनेक डोहांविषयी ऐकायला मिळते, फक्त तिथे दागिन्यांऐवजी पंगतीची भांडी असतात. सामायिक पाणी हे उसने घ्यायचे आणि परत करायचे असते, ही समजूत त्या कथेत आहे. पाट कोणी किती वेळ उघडा ठेवायचा याचे नियम ज्या गावांना पाळावे लागत, त्या गावांत ही कथा टिकली यात मला नवल वाटत नाही.

मंगळवार, राजापूरचा सडा

सिंधुदुर्गातून उत्तरेला राजापूरकडे येताना जांभ्याची पठारे लागतात. इथे त्यांना सडा म्हणतात. सड्यावर माती जवळपास नसतेच. उघड्या कातळाला जिथे खोलगट भाग असेल तिथे पावसाचे पाणी साचते आणि पौष-माघापर्यंत आटून जाते. या पाण्याला बांध नाही, पाट नाही, मालकही नाही. गुराख्यांना मी त्याचे नाव विचारले तेव्हा कोणी ‘कातळावरचे पाणी’ म्हणाले, कोणी ‘तळी’, तर कोणी ‘डबकी’. एका मुलाने ‘पाणथळ’ हा शब्द वापरला, पण त्याच्या बोटाचा रोख पाण्याच्या काठच्या दलदलीकडे होता, मधल्या पाण्याकडे नव्हता. आटणाऱ्या पाण्याला पक्के नाव देण्याची गरज कोणाला पडली नसावी.

आणि तरीही हे पाणी क्षुल्लक नाही. सीतेची आसवे हे निळे-जांभळे फूल याच ओलीवर फुलते. मुळांशी असलेल्या बारीक पिशव्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते, कारण कातळावरच्या पाण्यात त्याला पुरेसे पोषण मिळत नाही. जून ते ऑक्टोबर एवढ्याच काळात इथली कितीतरी रोपटी उगवतात, फुलतात आणि बी टाकून मोकळी होतात. ज्या सड्यांवर ही डबकी आहेत त्याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. महसुली कागदांवर मात्र अशा जमिनीची नोंद पुष्कळदा पडीक अशी असते. ज्या पाण्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीखाली गाडले गेले तर तक्रार कशाची करायची, हा प्रश्न सड्यावरून चालताना सतत मनात होता.

सड्यावरून खाली उतरले की पाण्याला लगेच नावे फुटतात. पावसाळी ओढा म्हणजे व्हाळ. व्हाळाच्या किंवा नदीच्या पात्रात जिथे पाणी खोल साठून राहते तो कोंड. गंमत अशी की रत्नागिरी जिल्ह्यात मूळ गावापासून दूर असलेल्या वस्तीलाही कोंड म्हणतात, त्यामुळे ‘कोंडावर जाऊन येतो’ या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल आहे की पिशवी, यावरून लावावा लागतो. राजापूरजवळच्या उन्हाळे या गावाचे नाव गरम पाण्याच्या झऱ्यावरून पडले आहे. दापोली तालुक्यातले उन्हवरे हे त्याच कुळातले नाव. ठरावीक नियमाने बांधून न घेता प्रकट होणारी राजापूरची गंगा याच परिसरात आहे, आणि तिच्या १४ हौदांना कुंडे म्हणतात. कोकणात कुंड हे दगडाने बांधलेले आणि देवाच्या नावाने राखलेले असते. या शब्दाचा अर्थ पुढे घाटावर बदललेला दिसला.

बुधवार, अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर

हा दिवस मुख्यत्वे प्रवासात गेला. पाचलमार्गे अणुस्कुरा घाट चढून दुपारी कोल्हापूर गाठले. या शहरात एकेकाळी इतकी तळी होती की त्यांची नावे आता जमिनीला चिकटली आहेत. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे आणि कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई. रंकाळा, पद्माळा, खंबाळा ही नावे एका चालीची आहेत, पण त्यांतला रंकाळाच आज पाण्याने भरलेला दिसतो. ‘तीर्थ’ हे पाण्याचे नाव होते हे मंडईत भाजी घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. रंकाळ्याच्या काठी फार वेळ थांबता आले नाही. रात्री पुणे गाठायचे होते.

गुरुवार, जुन्नर आणि लेण्याद्री

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत २०० हून अधिक लेणी कोरलेली आहेत, आणि जिथे लेणे आहे तिथे पाण्याची सोय असलीच पाहिजे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर मी गणपतीच्या दर्शनाआधी पाण्याची टाकी पाहिली. खडकात चौकोनी तोंड खोदून आत खोली वाढवत नेलेली ही टाकी डोंगरावरून झिरपणारे आणि पन्हळींतून उतरणारे पाणी साठवतात. तोंड लहान असल्यामुळे ऊन फारसे आत जात नाही, म्हणून पाणी कमी उडते आणि थंड राहते. मराठी किल्ल्यांवरची टाकी याच पद्धतीची आहेत. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत आजही पाणी असते.

सातवाहनकाळातल्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे. लेण्याद्रीच्या एका लेखात कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याची नोंद आहे. कान्हेरी आणि कुडे इथल्या लेखांतही हा शब्द येतो. सोन्याचे काम करणाऱ्या माणसाने परक्या डोंगरावर, आपण कधी न पाहिलेल्या भिक्षूंसाठी आणि वाटसरूंसाठी पाणी खोदवून ठेवावे आणि त्यावर आपले नाव घालावे, या गोष्टीने मी फार वेळ त्या लेखापुढे थांबलो. इतक्या ठिकाणी कोरलेला हा शब्द आजच्या मराठीच्या वापरात मला कुठे भेटलेला नाही. पाणी तेच, खडक तोच, खोदण्याची रीतही बहुतांशी तीच राहिली. पोढी गेली आणि टाके आले.

पायथ्याशी फुले विकणाऱ्या मावशींना विचारले की शेतात खोदलेल्या खड्ड्यात पाणी साचले तर त्याला टाके म्हणाल का. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘‘कातळात खोदलं तर टाकं, मातीत अडवलं तर तळं.’’ पाथरवटाच्या छिन्नीलाही टाकी म्हणतात, हे ध्यानात घेतले तर मावशींच्या उत्तरातला पहिला भाग आपोआप स्पष्ट होतो. हल्ली गच्चीवरच्या प्लास्टिकच्या पिंपालाही टाकी म्हणतात. मावशींच्या मते तो शब्द वेगळा आणि हा वेगळा.

याच पट्ट्यात, आंबेगाव तालुक्यात, पोखरी नावाचे गाव आहे. याच नावाची गावे पारनेरपासून मराठवाड्यापर्यंत जागोजाग आहेत. संस्कृत पुष्करापासून पोखर आणि पुष्करिणीपासून पोखरण हे तळ्यासाठीचे शब्द आले. देवगड तालुक्यात दाभोळ्याजवळ पोखरबाव नावाचे गणपतीचे ठिकाण आहे, तिथेही तो जुना शब्द टिकलेला दिसतो. बोलण्यात पोखर कोणी म्हणत नाही. गावांच्या पाट्यांवर आणि सातबाऱ्यावर मात्र तो रोज लिहिला जातो.

शुक्रवार, निघोज

पारनेर तालुक्यातले निघोज आणि शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्यामधून कुकडी नदी वाहते. इथे नदीने बेसाल्टच्या पात्रात शेकडो खळगे कोरले आहेत. पुरात वाहून आलेले गोटे खडकातल्या भेगेत किंवा खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि खडक घासत जातात. गोटा झिजून गेला की पुढच्या पुरात दुसरा येतो. त्यातून झालेल्या गोल, खोल पोकळ्यांना भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळगे म्हणतात, आणि हे नाव इतके नेमके आहे की मराठीत परिभाषा घडवणाऱ्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. गावात मात्र कोणी रांजणखळगे म्हणत नाही. ‘कुंडावर चाललोय’ एवढेच म्हणतात. एसटीचा वाहकही कुंडाचेच तिकीट देतो.

कोकणातले कुंड माणसाने बांधलेले होते. इथले कुंड नदीने कोरलेले आहे. तरी दोन्हीकडे शब्द एकच येतो, कारण दोन्ही पाण्यांना देवाचा शेजार आहे. निघोजच्या कुंडाकाठी मळगंगा देवीचे देऊळ आहे, आणि कुंडातल्या पाण्याविषयी गावकरी जे सांगतात ते बहुतेक देवीच्या जत्रेशी जोडलेले असते. नदीतल्या खोल पाण्याला देव नसेल तर तो डोह. कुंड आणि डोह यांतली सीमारेषा खोलीने पडत नाही, हे मला झुलत्या पुलावर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी समजावून दिले: ‘‘डोहात पोरं पोहतात. कुंडात कोणी उतरत नाही.’’ खळग्यांचे काठ गुळगुळीत असल्याने आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही, म्हणून ही मनाई साधार आहे. देवीच्या नावाने ती अधिक पाळली जाते.

डबके, डबरे, डोह यांखेरीज जुन्या मराठीत उथळ पाण्यासाठी थिल्लर असा शब्द होता. आज तो माणसाच्या वागण्याला लावतात, पाण्याला नाही. पारनेरच्या कोरडवाहू शिवारातून जाताना त्या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांपुढे आला: घोट्याएवढे, गढूळ, दोन उन्हांत आटणारे पाणी.

शनिवार, जालन्याच्या वाटेवर

अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि जालना असा दिवसभर बसचा प्रवास झाला. खिडकीतून दिसणारे पाणी बहुतेक एकाच प्रकारचे होते: जमिनीच्या वर बांध उचलून केलेले चौकोनी शेततळे, आणि त्यात पसरलेला काळा किंवा निळा प्लास्टिकचा थर. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्या थराला शेतकरी अस्तर म्हणत नाहीत, कागद म्हणतात. ‘कागद फाटला’, ‘कागद बदलायला झालाय’, अशी वाक्ये बसमध्येच कानावर पडली.

याच मुलखात १९७२ च्या दुष्काळात रोजगाराची कामे म्हणून असंख्य पाझर तलाव खोदले गेले. जुनी माणसे त्यांना अजून दुष्काळी तलाव म्हणतात. त्या तलावाने गळायचे असते. त्याचे पाणी जमिनीत उतरून खालच्या बाजूच्या विहिरी भरल्या तर तो यशस्वी ठरतो. शेततळ्याने गळायचे नसते, म्हणून कागद. एका पाण्याच्या नावातच पाझर आहे आणि दुसऱ्याच्या पोटात पाझर अडवणारे प्लास्टिक. बागायतदाराला उन्हाळ्यात फळबाग जगवायची असते, त्याची अडचण खरी आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या हे सर्वांना माहीत आहे, आणि त्या गावाने आधी पाणलोटाची कामे केली होती हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पण विहिरीचे आणि विंधनविहिरीचे पाणी उपसून वर उघड्यावर साठवले तर ते उन्हाने उडते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. अशा साठ्याला तळे म्हणावे का, हा प्रश्न मी सहप्रवाशाला विचारला. तो थोडा विचार करून म्हणाला, ‘‘हौदच आहे तो, साहेब. पण अनुदान शेततळ्याला मिळतं.’’

रविवार, लोणार

लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याला लहान पाणी म्हणता येणार नाही. पण मी इथे आलो ते मुख्य सरोवरापेक्षा त्याच्या भोवतालच्या लहान पाण्यांसाठी. विवराच्या काठावर गोमुखातून बारमाही पडणारे पाणी आहे, त्याला धार म्हणतात, आणि ‘धारेवर जाणे’ याचा इथे तेवढा एकच अर्थ आहे. उताराने खाली जाताना सीता न्हाणी आणि रामगया ही झऱ्यांची स्थाने लागतात. गावाजवळ अंबर तळे नावाचे एक लहान तळे आहे. त्याला छोटे लोणार असेही म्हणतात.

धारेचे पाणी गोडे आणि खाली शंभरेक मीटरवरचे पाणी खारट व अल्कधर्मी, असा हा विलक्षण शेजार आहे. तळाशी उतरलेल्या क्षाराचे पूर्वी उत्पादन होत असे, आणि क्षाराच्या प्रतींना पापडी, भुसकी, खुप्पल अशी नावे होती. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

वऱ्हाडाच्या बोलीत ळ च्या जागी य येतो. डोळा हा डोया होतो आणि काळे हे कायं होते. त्यामुळे तळे इथे तयं होते. विवराच्या कडेवर बोरे विकणाऱ्या बाईंना मी विचारले की खालच्या पाण्याला तयं म्हणायचे का. त्या हसून म्हणाल्या, ‘‘हे तयं नाही बाप्पा, हे तं सरोवर. तयं तिकडं, अंबर.’’ सरोवर हा पुस्तकी शब्द इतक्या सहजपणे बोलीत वापरला गेलेला मी दुसरीकडे ऐकला नव्हता. जे पाणी कोणी पीत नाही, ज्यावर शेती होत नाही आणि ज्याच्या काठी कमळजा देवी व जुनी देवळे आहेत, त्याला घरगुती शब्द लावायला इथल्या लोकांची जीभ तयार नसावी.

सोमवार, साकोलीकडे

नागपूर ओलांडून भंडाऱ्यापुढे गेल्यावर जमीन बदलते. काळी माती मागे राहते, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेते, सुरू होतात, आणि प्रत्येक दोन-तीन मैलांवर झाडांच्या रांगेमागे पाणी चमकते. इथल्या बोलीला झाडीबोली म्हणतात. तिच्यात ळ नाही. ळ च्या जागी र ऐकू येतो, फळाचे फर होते आणि जांभळाचे जांभूर. रात्री साकोलीला मुक्काम केला. खानावळीच्या मालकांनी मी कशासाठी आलो हे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कोणाला भेटावे हे स्वतःहून ठरवून दिले.

मंगळवार, नवेगावबांध

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा आहे. कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला, असे मानतात. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्या टेकड्यांमधल्या खिंडी बांधून पाणी अडवले आहे. तलावाच्या मध्यावर मालडोंगरी नावाचे बेट आहे. हाताने माती वाहून एवढे काम करताना कोणत्या खिंडीत बांध घालायचा आणि सांडवा कुठून काढायचा हे ज्यांनी ठरवले, त्यांच्याकडे उतार ओळखण्याची विद्या होती; नकाशा आणि दुर्बीण त्यांच्याकडे नव्हती.

नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध: या भागातल्या मोठ्या तलावांची नावे अशी आहेत. धामापूरला तलाव म्हणजे पाणी आणि बांध म्हणजे भिंत असा भेद होता. इथे भिंतीचेच नाव पाण्याला आणि पाण्याचे नाव गावाला मिळाले. बांध आधी आला, पाणी त्याच्यामुळे थांबले आणि गाव त्या पाण्यामुळे वसले, हा क्रम त्या नावात आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची पद्धत होती, त्यामुळे तो क्रम कागदावरही तसाच होता.

बांधाला पाळ म्हणतात, आणि बोलताना तिची पार होते. ‘‘पारीवर या,’’ असे ज्या भाऊंनी मला फोनवर सांगितले होते, ते ढिवर समाजाच्या मासेमारी संस्थेचे काम पाहतात. त्यांनी पाळीतले तुडुम दाखवले. पाणी सोडण्याची ही जुनी रचना असते: दगडी बांधकामात वरपासून खालपर्यंत छिद्रे ठेवलेली असतात आणि ती लाकडी खुंट्यांनी बुजवलेली असतात, पाणी जसे उतरत जाईल तशी खालची छिद्रे उघडायची. वरचे, उन्हाने तापलेले पाणी आधी शेतात जाते आणि तळाचे गार पाणी शेवटपर्यंत राखले जाते. लोखंडी दार लागले की एकदम तळाचे पाणी सुटते. भाऊंनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, पण त्यांच्या बोलण्यात ‘आमचे तुडुम’ आणि ‘त्यांचे गेट’ असा भेद होता.

त्यांनी पाण्यातल्या वनस्पतीही एकेक करून दाखवल्या. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारे रानटी भात, उपवासाला चालते. शिंगाडा लावलेला असतो, कमळ आणि पोयणे आपोआप येते. बेशरम मात्र बाहेरून आली आणि काठ गिळत चालली आहे. देवधान आणि पाण्याखालचे गवत जिथे आहे तिथे मासे अंडी घालतात व पाणपक्षी उतरतात. जिथे गाळ काढताना यंत्राने सगळा तळ खरवडला तिथे पाणी वाढले आणि मासा कमी झाला, असे त्यांचे निरीक्षण आहे. नुसते खोल केले की तलाव सुधारला, ही समजूत खोडून काढायला त्यांच्यासारख्या माणसांना बैठकीत बोलावले पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटले.

पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. मालगुजारीची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची, पद्धत १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर घेऊन त्यांना आता सगळे मामा तलाव म्हणतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. मासेमारीचा ठेका वेगळ्या दारी, गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची, जमीन आणखी वेगळ्या दारी. पूर्वी ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण इथे शब्दशः चालत असे, कारण राखणारा आणि चाखणारा एकच गाव होता. आज राखण्याचे काम कोणाचे हे विचारले की तीन कार्यालयांची नावे ऐकू येतात.

बुधवार, सिरेगावबांधच्या शिवारात

शेवटचा दिवस मी बोडीसाठी ठेवला होता. मोठ्या तलावांच्या मध्ये, धानाच्या शेतांत, पाऊण-एक एकरात पसरलेली लहान पाण्याची जागा म्हणजे बोडी. तिला तीन बाजूंनी पार असते, चौथ्या बाजूने उताराचे पाणी येते. पावसाने ताण दिला तर पऱ्हे (धानाची रोपे) जगवायला आणि धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, एखादे पाणी द्यायला ती पुरते. कृषी खात्याच्या योजनेतही आता ‘बोडी नूतनीकरण’ असा शब्द आहे. विभागीय बोलीतला शब्द सरकारी कागदावर जसाच्या तसा गेला, ही मला चांगली गोष्ट वाटते, कारण शेततळे म्हटले असते तर इथल्या शेतकऱ्याने चौकोनी खड्डा आणि कागद डोळ्यांपुढे आणला असता.

धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालताना एका शेतकरीभाऊंनी आपली बोडी दाखवली. मी तलाव आणि बोडी यांतला फरक विचारला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘बोडी आपली हाये भाऊ, तलाव गावाचा हाये.’’ आकारावरून फरक करायला त्यांनी साफ नकार दिला. शेजारच्या गावात एक बोडी त्या गावच्या तलावापेक्षा मोठी आहे, असे त्यांनी सांगितले आणि दिशाही दाखवली.

त्यांच्या शेजाऱ्यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की जिला आपली म्हणायचे त्या बोडीचे पाणी सरळ मालकाच्याच शेतात राहते. पण या भाऊंच्या बोडीचे पाणी धुरा ओलांडून खालच्या दोघांच्या बांध्यांत जाते, आणि पार तिघांनी मिळून घातलेली आहे, तेव्हा तिला लहान तलाव म्हणायला हरकत नाही. दोघांचा वाद बराच वेळ चालला. मध्येच भाऊंच्या आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या, त्यांनी थांबून सगळे ऐकून घेतले आणि मुलाच्या बाजूने निवाडा दिला. पार बांधणारे तिघे सख्खे चुलतभाऊ आहेत, पाणी कधी सोडायचे हे अजून त्यांच्याच ओसरीवर ठरते, ग्रामपंचायतीत जात नाही. म्हणून ती बोडीच. शेजाऱ्यांनी विचारले, आणि उद्या तिघांपैकी एकाने आपले शेत परक्याला विकले तर? आई म्हणाल्या, ते विकल्यावर पाहू, आणि भारा घेऊन पुढे निघाल्या.